फायूमला आपलं आपण जायचंय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागे इजिप्तवरच्या लेखात फायूमचा उल्लेख जेमतेम दोन ओळींत आला होता, कैरोच्या नैऋत्येला साधारण १०० किलोमीटरवर शेतं, खजुराची झाडं, एक मोठं सरोवर आणि त्याला लागून वाळवंट, बस्स एवढंच. त्या दोन ओळींवर इतके प्रश्न आलेत की या वेळचं सदर सगळं फायूमलाच देऊन टाकलंय. सारखे वाटणारे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : आम्ही दोघं साठीच्या आसपास. कैरोत पाच दिवस आहोत, पॅकेज टूर नकोय. पण तिथला एजंट म्हणतो फायूम एका दिवसात होतं, सकाळी निघून मैदूमचा पिरॅमिड, धबधबे, व्हेल व्हॅली, कुंभारांचं गाव, आणि रात्री परत हॉटेलवर. खरंच होतं का? – एक वाचक, सातारा

होतं की, गाडीत बसून होतं. कैरोचं ट्रॅफिक एकदा लक्षात घ्या, सकाळी शहराबाहेर पडायलाच तास जातो, मग वाळवंटी हायवेने फायूम, तिथून सरोवराच्या कडेकडेने पश्चिमेला, पुढे वादी अल-रय्यान, धबधबे तिथेच, आणि त्याच्याही पुढे आत व्हेल व्हॅली म्हणजे देवमाशांच्या जुन्या सांगाड्यांचं वादी अल-हितान, आणि हिवाळ्यात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे प्रत्येक ठिकाणी उतरायचं, फोटो काढायचा, ड्रायव्हर घड्याळ दाखवणार की परत आत. एजंट खोटं बोलत नाहीये, पण तुम्ही जे बघायला जाताय ते यात बसत नाही.

माझं म्हणणं असं की फायूमचे सरळ दोन भाग करा. एक हिरवा भाग म्हणजे गावं, कालवे, शेतं, फायूम शहर, सरोवराचा दक्षिण किनारा. हा तुम्ही अगदी आपला आपण फिरू शकता, कुणी गाइड लागत नाही. दुसरा वाळूचा भाग, तिथे मात्र स्थानिक ड्रायव्हर घ्याच, त्यात पैसे वाचवायला जाऊ नका. आणि दोन्हींच्या मध्ये राहायला तूनिस नावाचं गाव आहे, एजंटचं कुंभारांचं गाव ते हेच, सरोवराच्या वर उंचवट्यावर, तिथे दोन रात्री काढा. एक दिवस हिरवा, एक दिवस वाळूचा, तिसऱ्या दिवशी जेवून परत कैरो. मैदूम सोडून द्या, पिरॅमिडचा तो पडका मनोरा बघण्यासारखा आहे पण तो शेजारच्या बेनी सुएफ प्रांताच्या बाजूला आहे, त्यासाठी वेगळी वाट वाकडी करावी लागते.

आणि हो, व्हिसा भारतातूनच काढून निघा, विमानतळावर मिळेल या भरवशावर राहू नका.

प्रश्न : बजेट कमी आहे, मी एकटाच, वय २४. पब्लिक ट्रान्सपोर्टने तूनिसला पोचता येतं का? अरबी अजिबात येत नाही. – एक वाचक, पुणे

येतं, आणि मजा पण येते. मेट्रोच्या लाइन दोनचं दक्षिणेकडचं शेवटचं स्टेशन अल-मुनीब, तिथे उतरलास की बाहेर मायक्रोबसचा अड्डा आहे आणि ड्रायव्हर 'फायूम फायूम फायूम' ओरडतच असतात. टाइमटेबल वगैरे काही नसतं, गाडी भरली की सुटते, त्यामुळे रिकाम्या गाडीत खिडकी पकडून बसण्यापेक्षा जवळजवळ भरलेली गाडी बघ. पैसे मागून पुढे हाताहाताने जातात आणि सुट्टे तसेच परत येतात, तुझ्या हातात मागच्या चार जणांच्या नोटा येतील तेव्हा गोंधळू नकोस, पुढे सरकव. फायूम शहरापर्यंत दीड-दोन तास धर.

शहरात उतरल्यावर स्टँड बदलावा लागतो, पश्चिमेकडच्या गावांच्या गाड्या दुसरीकडून सुटतात, तिथपर्यंत टुकटुक कर (बहुतेक बजाजच्याच असतात, बघून बरं वाटतं). मग इब्शवायची गाडी आणि इब्शवायहून तूनिसच्या बाजूला जाणारी पिकअप किंवा दुसरी मायक्रोबस. उतरायचं असलं की 'अला गम्ब' म्हणायचं, म्हणजे बाजूला घे, ड्रायव्हर थांबतो. ट्रेन पण आहे पण ती अल-वास्तावरून वळसा घालून जाते आणि रखडते, ट्रेनची फारच हौस असेल तरच.

एक गोष्ट मात्र विमानातच पाठ कर, अरबी आकडे. पाट्यांवर, दुकानात, गाडीच्या नंबरप्लेटवर तेच असतात आणि आपल्याकडच्यांचा हमखास घोटाळा होतो कारण त्यांचा पाच दिसतो आपल्या शून्यासारखा गोल आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता एक ठिपका. पन्नास पौंडाच्या पाटीवर तुला एक गोल आणि एक ठिपका दिसेल आणि वाटेल काहीतरी फुकट आहे. दहा आकडे, दहा मिनिटांचं काम, पण भाडं ठरवताना तू बोटं दाखवण्याऐवजी पाटी वाचलीस की समोरच्याचा सूरच बदलतो.

भाड्याचे आकडे मी मुद्दाम देत नाहीये. मार्च २०२४ मध्ये तिथल्या पौंडाचा दर सरकारने बाजारावर मोकळा सोडला आणि एका दिवसात धाडकन खाली आला, त्यानंतर पेट्रोलचे भाव वाढले की भाडी वाढतात असंच चाललंय. गाडीतल्या शेजाऱ्याला विचार, तो जे देतो तेच दे. सुट्टे पैसे खिशात ठेव, मोठी नोट काढलीस की सगळ्या गाडीला कामाला लावशील.

प्रश्न : मी २९ वर्षांची, एकटी फिरते. घरचे म्हणतात फायूमला पोलिस एस्कॉर्ट लागतो म्हणजे धोकादायक असणार. – एक वाचक, नाशिक

एस्कॉर्टची गोष्ट खरी आहे पण तिचा अर्थ घरच्यांनी लावलाय तसा नाही. फायूमच्या रस्त्यांवर चेकपोस्ट आहेत, परदेशी माणूस दिसला की पासपोर्ट बघतात, कुठे उतरलीस, कुठे चाललीस विचारतात, आणि कधीकधी एखादी पोलिसांची गाडी बरोबर देतात. आपल्या हद्दीत पाहुण्याला काही व्हायला नको ही त्यांची काळजी. हॉटेलचं नाव आणि फोन अरबीत लिहून जवळ ठेव, पासपोर्टच्या झेरॉक्स ठेव, चिडचिड करू नकोस, दहा मिनिटांत सुटतेस. टुरिस्ट पोलिसांचा नंबर १२६.

बाकी तूनिसमध्ये बाहेरची माणसं इतकी येतात की एकटी बाई हा काही कुणाला नवीन विषय नाही. आजूबाजूच्या गावांत आणि फायूम शहरात लोक वळून बघतील, खांदे आणि गुडघे झाकलेले असू देत, मायक्रोबसमध्ये बायकांशेजारी बस, गाडीत तशी जागाच नसेल तर शेजारच्या सीटचेही पैसे देऊन टाक, सरळ हिशोब आहे. अंधार पडल्यावर शहरातून गावाकडे एकटीने गाडी शोधत बसायची वेळ येऊ देऊ नकोस, उतरलीस त्या घरच्या मालकाला आधी फोन कर, तो माणूस पाठवतो. आणि वाळवंटात अनोळखी ड्रायव्हरबरोबर एकटी नको, तूनिसमध्ये तुझ्यासारखेच दोघं-तिघं सापडतात, जीप वाटून घ्या, खर्चही वाटला जातो. हे शेवटचं मी पुरुषांनाही सांगते.

हिंदी सिनेमाचं मात्र तयारीत राहा, 'हिंद' म्हटलं की चाळिशीच्या पुढचा प्रत्येक जण अमिताभ बच्चनची चौकशी करतो, जसा काही आपला शेजारीच.

प्रश्न : फायूमला ओअॅसिस म्हणतात, मग झरे कुठे आहेत? आणि सरोवरात पोहता येतं का? – एक वाचक, अहिल्यानगर

झरे शोधू नका, इथलं पाणी नाईलचं आहे. सिवा, बहरिया ही खरी झऱ्या-विहिरींची ओअॅसिस, फायूममध्ये मात्र बहर युसुफ नावाच्या जुन्या प्रवाहातून नाईलचं पाणी लाहूनच्या खिंडीतून आत येतं आणि मग उतारावरून पंख्यासारखं पसरत जातं. आत येताना जमीन समुद्रसपाटीपासून वीस-पंचवीस मीटर वर आणि दुसऱ्या टोकाला कारून सरोवर समुद्रसपाटीच्याही चाळीसहून जास्त मीटर खाली, म्हणजे सगळा प्रदेश एका बाजूला कललेला. म्हणूनच फायूमची ती काळी लाकडी पाणचक्रं. इजिप्तमध्ये बाकी ठिकाणी चक्राला बैल जुंपावा लागायचा, इथे उतारामुळे पाण्याचा जोरच चक्र फिरवतो. शहराच्या मध्यभागी चार मोठी चक्रं आहेत, आवाज म्हणाल तर न थांबता कण्हल्यासारखा, शेजारी चहा पीत बसलं की पहिली पाच मिनिटं वैताग येतो, मग ऐकू यायचं थांबतं.

सरोवरात जे येतं ते बहुतेक शेतातून निथळलेलं पाणी, आणि बाहेर जायला वाट नाही, नुसती वाफ होते, मीठ मागे राहतं. त्यामुळे ते खारट झालंय, मासेमारीचे हाल आहेत, किनाऱ्यावर मीठ काढायचा कारखानाच आहे. पोहायला नको. हिवाळ्यात बदकं, फ्लेमिंगो बघायला मात्र सकाळी जरूर जा. गावातल्या कालव्यात पाय सोडून बसायचा मोहही नको, गोड्या पाण्यात बिलहार्झिया या रोगाचे जंतू असू शकतात आणि ते कातडीतून आत शिरतात, पाणी प्यायलंच पाहिजे असं नाही.

जाता जाता, ज्याला सगळे धबधबे म्हणतात ते वादी अल-रय्यानमधलं पाणीसुद्धा शेतातलं निथळलेलंच आहे. कारूनची पातळी वाढायला लागली म्हणून १९७० च्या दशकात कालवा-बोगदा काढून जादा पाणी वाळवंटातल्या खोलगट भागात सोडलं, त्याची दोन सरोवरं झाली आणि वरच्यातून खालच्यात जिथे पडतं तिथे हे दोन-तीन मीटरचे धबधबे. ठोसेघर डोक्यात ठेवून गेलात तर हसाल. मला विचाराल तर धबधब्यापाशी पंधरा मिनिटं पुरे, शुक्रवारी तर पाचसुद्धा, कारण सगळं कैरो तिथे स्पीकर घेऊन आलेलं असतं.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवते. वादी अल-हितानला नक्की काय दिसतं? नुसती हाडंच असतील तर एवढ्या लांब जाऊन उपयोग आहे का? – एक शिक्षिका, सांगली

बाई, तुम्ही तर जायलाच पाहिजे, बाकी सगळं रद्द झालं तरी चालेल.

हो, हाडंच आहेत. पण ती काचेच्या पेटीत नाहीत, जिथे तो प्राणी मेला तिथेच वाळूत पडलेली आहेत. साधारण चार कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, टेथिस समुद्राचा भाग, आणि त्यात जे देवमासे पोहत होते त्यांचे सांगाडे एकेक करून वारा उघडे पाडतोय. दगडांनी आखलेली पायवाट आहे, तिच्यावरून चालायचं, मध्येच मणक्यांची रांग दिसते, एकेक मणका मोठ्या डब्याएवढा, थोडी वळण घेत गेलेली, आणि तुमच्या लक्षात येतं की ही अख्खी शेपटी आहे. या देवमाशांतला बॅसिलोसॉरस हा पंधरा मीटरच्याही वर लांब, आणि डोरुडॉन त्यामानाने छोटा, पाच मीटरचा. छोट्या डोरुडॉनची हाडं बॅसिलोसॉरसच्या पोटाच्या जागी सापडलीत, म्हणजे कोण कुणाला खात होतं तेही कळलं.

पण तुमच्या वर्गासाठी खरी गोष्ट आहे मागच्या पायांची. या अवाढव्य प्राण्याला दीड-दोन फुटांचे पाय आहेत, गुडघ्यासकट, घोट्यासकट, बोटांसकट. त्यांच्यावर उभं राहणं अशक्य. म्हणजे जमिनीवर चालणाऱ्या पूर्वजाचे पाय, जाता जाता राहिलेले. इथली पहिली हाडं १९०० च्या सुरुवातीला सापडली होती, पाय मात्र १९८० च्या दशकात अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञ फिलिप गिंगरिच यांच्या टीमला मिळाले. आणि याच गोष्टीचा आधीचा धडा आपल्या बाजूला आहे हे मुलांना नक्की सांगा, देवमाशाच्या नात्यातला हरणाएवढासुद्धा नसलेला खुरांचा प्राणी इंडोह्यूस काश्मीरकडच्या खडकात सापडला आणि पायांचे जुने देवमासे कच्छमध्ये. कच्छ ते फायूम असा हा प्रवास लावला तर एक अख्खा तास रंगतो.

२००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात हे नैसर्गिक ठिकाण म्हणून घेतलं, आणि पायवाटेच्या सुरुवातीला २०१६ मध्ये उघडलेलं मातीच्या रंगाचं गोल म्युझियम आहे, आत अख्खा बॅसिलोसॉरस मांडलाय. आधी म्युझियम बघा मग पायवाट, उलटं केलं तर बाहेर काय बघतोय ते कळत नाही. जाळीदार नळ्यांसारखे दगड दिसतील ती खारफुटीची मुळं आहेत, त्यांच्याकडे कुणी बघत नाही, तुम्ही बघा.

काहीही उचलायचं नाही, शंखाचा तुकडासुद्धा नाही. पाणी माणशी तीन लिटर, टोपी, आणि दुपारचे बारा ते तीन टाळा. मोबाइलला रेंज नसते असं धरून चला. मुक्काम करायचा असेल तर परवानगीच्या जागीच तंबू टाकतात, ते तुमचा ड्रायव्हर करतो, पण डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाका असतो, शाल चालणार नाही, जाड जॅकेट.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, आणि आई तर कांदा-लसूणही खात नाहीत. – एक वाचक, जळगाव

कांदा-लसणाचं विसरा, त्यावर माझ्याकडे उपाय नाही, आईंसाठी खाकरे आणि मेतकूट न्या. बाकी शाकाहारी माणूस इजिप्तमध्ये उपाशी राहत नाही. सकाळी फूल म्हणजे शिजवलेला बाकला (वालासारखं मोठ्या दाण्याचं कडधान्य), तामेया म्हणजे त्याच बाकल्याचे वडे, दुपारी कोशरी म्हणजे भात, मसूर आणि मॅकरोनीचं मिश्रण, आणि तूनिसला फतीर, तूप लावून घडी घालत केलेली पदरी रोटी, मध किंवा चीजबरोबर. मोलोखियाच्या हिरव्या भाजीला भुलू नका, ती बहुतेक वेळा कोंबडीच्या नाहीतर सशाच्या पाण्यात शिजवतात.

'मांस नको' एवढंच सांगितलंत तर कोंबडी येऊ शकते, कारण त्यांच्या हिशोबात ते मांस नव्हे. त्याऐवजी 'सियामी' मागा. तिथले कॉप्टिक ख्रिश्चन वर्षातले कितीतरी दिवस उपास करतात, त्या उपासाचं जेवण म्हणजे सियामी, त्यात मांस, अंडी, दूध काहीच नसतं. फक्त मासा चालतो असं कुणी म्हणालं तर तेवढा नको म्हणा.

प्रश्न : हवाराचा प्रसिद्ध भुलभुलैया बघायचाय, हिरोडोटसने पिरॅमिडपेक्षा भारी म्हटलंय. – एक इतिहासप्रेमी, ठाणे

हिरोडोटसने, म्हणजे त्या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने बघितला, तुम्हाला दिसणार नाही. फायूम शहराजवळ हवाराला अमेनेमहत तिसरा या राजाच्या पिरॅमिडला लागून तो होता, त्याचे दगड रोमन काळापासून लोकांनी नेले, आता दगडाचा चुरा आणि मधून गेलेला कालवा. पिरॅमिड स्वतः कच्च्या विटांचा, वरचं चुनखडीचं आवरण गेलंय, आत पाणी भरलंय. पण याच हवाराला १८८८ मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना ममींवर बसवलेली लाकडी पट्ट्यांवरची चित्रं ढिगाने सापडली, मेणात रंग कालवून काढलेले माणसांचे चेहरे, मोठे डोळे, कानात मोती. ती हवाराला नाहीत. कैरोत तहरीर चौकातल्या जुन्या म्युझियममध्ये बघा आणि मग हवाराला जा, म्हणजे त्या ढिगाऱ्याला काहीतरी अर्थ येईल.

अवशेषच बघायचे तर कैरोहून येताना हायवेवरच कॉम ओशीम लागतं, म्हणजे करानिस, ग्रीक-रोमन काळातलं अख्खं शेतकऱ्यांचं गाव, घरांच्या भिंती, तेलाचे घाणे, मगरदेव सोबेकचं देऊळ. मिशिगन विद्यापीठाने १९२० आणि ३० च्या दशकात खणलेलं. गर्दी नसते. मला ते हवारापेक्षा दहापट आवडतं.

प्रश्न : तूनिसमध्ये मातीकाम शिकता येतं का? आणि भांडी आणायची कशी? – एक वाचक, कोल्हापूर

येतं, बऱ्याच कार्यशाळांमध्ये तास-दोन तास चाकावर बसू देतात. हे गाव भांड्यांचं झालं ते एव्हलिन पोरे या स्विस कुंभारबाईंमुळे, त्या इथे येऊन राहिल्या, १९९० च्या सुमारास गावातल्या मुलांसाठी शाळा काढली, २०२१ मध्ये गेल्या, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांची आता स्वतःची दुकानं आहेत. बदकं, मासे, खजुराची झाडं काढलेल्या चकचकीत थाळ्या. छान असतात, पण चार दुकानांनंतर सारख्या वाटायला लागतात.

त्यापेक्षा अर्धा दिवस काढून फायूममधल्याच नज्ला गावाला जा. तिथे ओढ्याच्या उतारावर भट्ट्या आहेत आणि गोल बुडाची मोठी मडकी करतात, तीही चाकावर नाही. जमिनीत खळगा, त्यात भुसा मिसळलेल्या मातीचा गोळा, कुंभार एका हाताने तो फिरवत राहतो आणि दुसऱ्या हाताने आतून ठोकत जातो, ठोक-फिरव, ठोक-फिरव, आणि बघता बघता भिंत पातळ होत गोळ्याचं मडकं होतं, चाक लागतं ते फक्त गळ्यापुरतं. आपल्याकडचे कुंभार थापीने घडा वाढवतात ते बघितलेल्याला तिथून हलावंसं वाटत नाही. फोटो काढायच्या आधी विचारा, आणि काढलात तर काहीतरी द्या, बक्षीस शब्द तिथेही चालतो.

मडकं विमानात आणायच्या भानगडीत पडू नका. तूनिसच्या छोट्या वाट्या कपड्यांत गुंडाळून हँडबॅगेत येतात.

थोडक्यात उरलेले :

ड्रोन नेऊ का? – नको. इजिप्तमध्ये परवानगीशिवाय ड्रोन आणायलाच बंदी आहे, विमानतळावर जप्त होतो.

मे महिन्यात सुट्टी आहे, जाऊ का? – चाळीसच्या वर ऊन आणि त्याआधी वसंतात खमसीनचा वाळूचा वारा. ऑक्टोबर ते मार्च बघा. रमजानमध्ये गेलात तर दिवसा गावात खायला मिळणं अवघड, बरोबर काहीतरी ठेवा.

परतीची गाडी? – तूनिसला उतरल्या घरीच आदल्या दिवशी सांगून ठेवा. कैरोहून अॅपवर गाडी मिळते म्हणून तूनिसहूनही मिळेल असं नाही. आणि तिथला वीकेंड शुक्रवार-शनिवार असतो, शनिवारी संध्याकाळी अख्खा हायवे कैरोकडे तोंड करून उभा असतो, तेव्हा रविवार ते गुरुवारमध्येच बसवा, खोलीसुद्धा स्वस्त पडते.